अकरा लॉट आणि एक आडवी दाढ

४ फेब्रुवारी, मंगळवार

आजपासून मी मुख्य. म्हणजे तूर्त 'प्रभारी'. कायम करायचं की नाही ते ३१ मार्चला ठरवू, असं मोठे साहेब म्हणाले. चौदा वर्षं मी लांब टेबलाच्या उजव्या टोकाला उभी राहून चहा थुंकला, आता डाव्या टोकाला थुंकणार. बढती म्हणतात ती हीच. आनंदात ही वही विकत आणली.

लोकांना वाटतं, चहाच्या कंपनीत चाखायचं काम म्हणजे नुसती चैन. या म्हणावं एकदा! रोज दीडशे कप. गोदामातून प्रत्येक लॉटचा नमुना येतो. तो तोलायचा, झाकणाच्या कपात उकळतं पाणी ओतायचं, सहा मिनिटांनी वाडग्यात गाळायचं, चमचाभर घेऊन असा भुरका मारायचा की चहा थेट टाळ्यावर उडाला पाहिजे. मग जिभेवर फिरवायचा आणि पिकदाणीत थुंकायचा. चार सेकंदांत सांगायचं, घ्या किंवा परत पाठवा.

आज तिसऱ्याच कपाला थांबले. गंजक्या खिळ्याची चव, आणि मागून ओलं पोतं. आमचे दुसरे चाखणारे माझ्याहून आठ वर्षांनी मोठे. त्यांनीही भुरका मारला आणि म्हणाले, "ठीक आहे की." त्यांना जगात सगळंच ठीक असतं, म्हणून मी मनातल्या मनात त्यांचं नावच 'ठीकआहे' ठेवलंय. माणूस भला, पण जीभ म्हणजे पायपुसणं. त्यांना मुख्य का नाही केलं ते आज कळलं.

लॉट परत. पहिल्याच दिवशी दोष पकडला. घरी येताना पेढे घ्यावेसे वाटले, पण डावीकडे जरा ठणकत होतं म्हणून नाही घेतले.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज आणखी चार! पाचही लॉट वेगवेगळ्या मळ्यांचे, दोष मात्र एकच. म्हणजे दोष मळ्याचा नाही. मग सगळ्यांत समान काय? गोदाम. शाळेतल्या पोरालाही कळेल.

साहेबांना लिहून दिलं, गोदामात ओल आहे. गोदाम सांभाळतात ते काका तीस वर्षं तिथे आहेत आणि मार्चअखेर निवृत्त होणार आहेत. शेवटी शेवटी हात ढिला पडतोच माणसाचा.

ठीकआहेनं विचारलं, "मॅडम, तुम्हाला बरं आहे ना?" म्हटलं, ठणठणीत आहे. खुर्चीवर डोळा आहे, दुसरं काय.

९ फेब्रुवारी, रविवार

घरीसुद्धा चैन नाही. दुधाला चव लागेना. नवऱ्याला म्हटलं, दूधवाला बदल. पाण्यालाही तीच गंजकी चव, म्हणून फिल्टर उघडायला लावला. तो बिचारा दोन तास फिल्टरचे भाग वर्तमानपत्रावर मांडून बसला आणि शेवटी म्हणाला, "हा तर नव्यासारखा आहे गं." ह्या माणसाला गंज दाखवला तरी तो त्याला तांबूस रंग म्हणेल.

लेक नऊ वर्षांची आहे, तिला लाजलज्जा नाही. झोपताना पापी घ्यायला गेले तर नाक दाबून म्हणते, "आई, तोंड धू ना." दिवसभर चहाच्या चुळा भरत असते बाई मी, वास यायचाच! सकाळी उठल्यावर जबडा आखडलेला असतो. उशी बदलायला हवी.

१२ फेब्रुवारी, बुधवार

काकांना मेमो मिळाला. साहेबांनी माझ्याच अहवालातली वाक्यं जशीच्या तशी उतरवली होती. दुपारी गोदामावरून गेले तर काका स्वतः पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून, सगळी पोती एका बाजूला सारून फरशी घासत होते.

"बाई," ते म्हणाले, "ओल कुठल्या कोपऱ्यात लागली तेवढं दाखवा. मला तीस वर्षांत सापडली नाही."

मी म्हटलं, "काका, मी कोपरे नाही चाखत, चहा चाखते."

तेव्हा हे उत्तर फार झकास वाटलं होतं. आता लिहिताना तितकंसं वाटत नाही.

परत करायचे लॉट अजून तिथेच पडून आहेत. गाडी मिळत नाही म्हणे. रोज नवं निमित्त.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

गोदाम दोनदा धुऊन झालं, तरी आज तीन लॉट खराब. मधल्या दिवसांतले तीन धरून एकूण अकरा. काकांना म्हटलं, अजून एकदा धुवा. त्यांनी नुसती मान हलवली.

शिवाय फजिती झाली ती वेगळीच. भुरका मारायला गेले तर तोंडच पुरतं उघडेना. अर्धा चहा एप्रनवर. ठीकआहेनं फडकं पुढे केलं आणि हळूच म्हणाले, "मॅडम, दोन दिवस रजा घ्या. तुम्ही गेले दहा दिवस फक्त उजवीकडून चाखताय."

म्हणजे हा माणूस माझ्या तोंडावर पाळत ठेवून आहे! रजेवर जाते आणि परत येते तर डाव्या टोकाला हे उभे. इतकी काही मी दुधखुळी नाही.

तोंडात जेमतेम दोन बोटं मावतायत. थंडी लागली असेल.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी आरशात पाहिलं तर डावा गाल टम्म. लेक म्हणाली, "आई, तू अर्धी जाड झालीस." नवऱ्यानं माझी पर्स आणि माझा दंड असे दोन्ही उचलले आणि थेट धाकट्याच्या दवाखान्यात नेऊन बसवलं.

धाकटा म्हणजे माझा सख्खा भाऊ, दातांचा डॉक्टर. मी ज्याचं नाक पुसलं त्याच्यापुढे आ वासून बसायचं! पाच वर्षांपूर्वी त्यानं सांगितलं होतं, "ताई, मागच्या दाढांचा फोटो काढून ठेवू." तेव्हा मी म्हटलं होतं, "आधी स्वतःच्या खोलीतला पसारा काढ."

आज मात्र तो हसला नाही. बोटानं मागची हिरडी हलकेच दाबली आणि माझ्या डोळ्यांपुढे तारे चमकले. मग एक्सरे. पडद्यावर माझे सगळे दात शहाण्या मुलांसारखे उभे, आणि सगळ्यांत मागे खाली डावीकडे एक दाढ चक्क आडवी झोपलेली. पुढच्या दाढेला डोकं लावून.

"ही तुझी अक्कलदाढ," धाकटा म्हणाला.

"अडतिसाव्या वर्षी?"

"आली विशीतच. जागा मिळाली नाही म्हणून अर्धी वर आली, अर्धी हिरडीखाली आडवी राहिली. वर हिरडीची झडप आहे. तिच्याखाली खाल्लेलं अडकतं, कुजतं, पू होतो. थोडा थोडा रोज तोंडात झिरपत असणार. तुला घाण चव नाही लागली?"

मी म्हटलं, "नाही बुवा." आणि खरंच तेव्हा मला काही सुचलं नाही. धन्य ती माझी जीभ.

मग मी जरा घाबरूनच विचारलं, "चारही काढायला लागणार?"

"कशाला? वरच्या दोन सरळ आल्यात, खालची उजवी पूर्ण हाडात आहे, कोणाला त्रास देत नाही. अक्कलदाढ आहे म्हणून काढायची नसते, ताई. पुन्हा पुन्हा सुजायला लागली, शेजारची दाढ किडवायला लागली, गाठ धरली, किंवा ब्रश पोचतच नाही अशी असली, तर काढायची. नाहीतर अधूनमधून फोटो काढून लक्ष ठेवायचं. ही डावी मात्र जाणार. शेजारणीला किडवायला सुरुवात केलीय तिनं. पण आधी सूज उतरू दे."

त्यानं झडपेखाली पिचकारीनं धुतलं. काय काय निघालं ते इथे लिहीत नाही. पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. एक नेहमीची गोळी तोंड धातूसारखं करते म्हणून माझ्या कामासाठी मुद्दाम दुसरी दिली. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या. दोन वर्षांचा असताना हाच पोरगा माती खायचा, आणि आज माझ्या जिभेची काळजी करतोय. गाडीत बसल्यावर मला उगाच रडू आलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी उठून पाणी प्यायले. पाणी पाण्यासारखं लागलं. दूध दुधासारखं. मी नवऱ्याला म्हटलं, "बघ, फिल्टर साफ केल्याचा फायदा."

तो वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाला, "फिल्टर साफ करून तेरा दिवस झाले."

मी हातातलं दूध तसंच ठेवलं आणि खाली बसले.

सुट्टी असूनही ऑफिसात गेले. चाखायला आलेल्या प्रत्येक नमुन्यातलाच मूठभर चहा आम्ही त्याच दिवशी डब्यात सीलबंद करून कपाटात ठेवतो. ते अकरा डबे काढले. ठीकआहे तिथे होतेच, शनिवारी ते हिशेबाची पत्रकं लावत बसतात. काही न विचारता त्यांनी पाणी उकळायला ठेवलं.

अकरा कप. पहिला चांगला. दुसरा चांगला. चौथा तर फारच सुरेख, मधासारखा शेवट असलेला. अकरावा चाखला आणि चमचा खाली ठेवला. एकातही गंज नाही, ओल नाही.

ठीकआहे म्हणाले, "ठीक आहेत ना?"

मी म्हटलं, "हो. ठीक आहेत."

मी तीन आठवडे माझा स्वतःचा पू चाखत होते आणि त्यावरून एका म्हाताऱ्या माणसाला गोदाम घासायला लावत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी! आणि चोर तर माझ्याच जबड्यात आडवा पडलेला.

२३ फेब्रुवारी, रविवार

खरं लिहायचं म्हणून ही वही घेतली, तर खरं लिहिते. काल संध्याकाळपासून डोक्यात एक विचार घोळतोय. गोदाम धुतल्यामुळे चव सुधारली, असं म्हटलं तर? लॉट अजून गेलेले नाहीत. 'पुन्हा चाखले, आता योग्य आहेत, स्वच्छतेचा परिणाम' अशा दोन ओळी लिहिल्या की झालं. मीही बरोबर, गोदामही स्वच्छ, ३१ मार्चला खुर्ची कायम. डब्यांचं फक्त ठीकआहेला ठाऊक, आणि ते तोंड उघडणार नाहीत.

फक्त काकांच्या नावावर मेमो राहील. तीस वर्षांतला पहिला, आणि जाता जाता.

नवऱ्याला विचारलं, काय करू. तो म्हणाला, "तुला माहितीय." ह्या माणसाचा कधी कधी फार राग येतो.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

सांगितलं.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला. "म्हणजे तीन आठवडे कंपनी तुमच्या दाढेच्या सल्ल्यानं चालली होती?"

"हो."

"मग ह्यापुढे तुमच्या जिभेवर विश्वास कसा ठेवायचा?"

मेमो मागे घेतल्याचं पत्र माझ्या हातानं लिहिलं आणि गोदामात जाऊन सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. काका पोत्यावर बसून ऐकत होते. वाचून झाल्यावर म्हणाले, "तीस वर्षांत गोदामाला कोणी नाव ठेवलं नव्हतं, बाई." बस, एवढंच. उठले आणि कामाला लागले. माझ्याकडे पाहिलंही नाही.

मागून कळलं, गाडी मिळत नव्हती हे खोटं होतं. ठीकआहेनं काकांना सांगून ठेवलं होतं, "थोडं थांबा, मॅडमचं काहीतरी दुखतंय." अकराच्या अकरा लॉट त्यामुळे वाचले. मी त्यांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले. ते म्हणाले, "असू दे हो, ठीक आहे."

५ मार्च, बुधवार

दाढ गेली. भूल दिल्यावर दुखलं काहीच नाही, पण आवाज! जुनं कपाट सरकवावं तसे आवाज स्वतःच्या डोक्यात ऐकायचे. आडवी असल्यामुळे अख्खी येईना, म्हणून तिचे दोन तुकडे केले. धाकटा मध्येच म्हणाला, "ताई, पाय सोड." मी त्याच्या मदतनीस बाईंच्या खुर्चीला पायानं विळखा घातला होता.

टाके तीन. आणि हुकूम: थुंकायचं नाही, ओढून काही प्यायचं नाही, गरम नाही. खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते, तीच औषध. ती ओढीनं निघाली तर हाड उघडं पडतं आणि मग खरं दुखणं काय ते कळतं.

म्हणजे भुरका बंद, थुंकणं बंद, चहा बंद. माझं अख्खं पोट ज्या तीन गोष्टींवर चालतं त्याच तीन.

८ मार्च, शनिवार

गाल पिवळा-निळा. भात मऊ करून, थंड करून खाते. बोलता येत नाही म्हणून पाटीवर लिहून सांगते. नवरा आणि लेक कमालीचे खुशीत आहेत. काल लेक त्याला म्हणाली, "बाबा, अजून तीन अक्कलदाढा आहेत ना आईच्या?"

पण खरं सांगायचं तर मीही खुशीत आहे. दुपारी उन्हात खुर्ची टाकून बसते. कोणाला काही सांगायचं नाही, कशात खोट काढायची नाही. रात्री लेक जवळ आली, नाक दाबलं नाही. मानेत तोंड खुपसून झोपली.

१२ मार्च, बुधवार

टाके काढले. खड्डा छान भरतोय म्हणाला. फी विचारली तर म्हणतो, "खोलीतला पसारा काढायला ये."

१९ मार्च, बुधवार

दोन आठवड्यांनी टेबलापाशी. तोंड उघडलं, भुरका बसला. मी एक नवा नियम घातलाय. रांगेत पहिला कप नुसत्या कोमट पाण्याचा. पाणी पाण्यासारखं लागलं तरच पुढे जायचं, नाहीतर एप्रन काढून घरी. हा नियम मला, ठीकआहेला आणि आमच्यानंतर येईल त्याला. साहेबांनी कागदावर सही केली. हसले नाहीत, पण केली.

काका नमुने आणून ठेवतात आणि जातात. 'बाई' म्हणायचेही बंद झालेत. मला ते लागतं.

३१ मार्च, सोमवार

काकांचा शेवटचा दिवस. गोदामातल्या माणसाला चाखायच्या टेबलाशी कधी कोणी बोलावलेलं नाही. मी सकाळीच जाऊन म्हटलं, "काका, आजची रांग तुमच्यासमोर. याल का?" ते म्हणाले, "नमुने लावून येतो."

आले ते नवा शर्ट घालून. साहेब आले, ठीकआहे होतेच. बारा कप. पाण्याचा कप आधी. स्वच्छ. एक ते सहा, छान चाललं होतं.

सातव्याला हात थांबला. ओल. ओलं कागदी पोतं, अगदी स्पष्ट.

पुन्हा सुरू झालं का हे? जीभ खड्ड्यावरून फिरवली. दुखत नव्हतं. पाण्याचा कप पुन्हा घेतला, पाणी पाण्यासारखं. पुन्हा सातवा. ओल.

समोर काका. आज जाणार. मघाशीच साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता. सात ठीक म्हटलं असतं तर कोणाचं काय अडणार होतं? आणि ओल म्हटली, तर साहेब म्हणणार, झाली ह्या बाईची दाढ सुरू. दोन्हीकडून मरण.

"सात नंबर," मी म्हटलं. "ओल आहे. गोदामातली. काका, माफ करा, पण हा घेता येणार नाही."

ठीकआहे पुढे झाले, भुरका मारला. "ठीक..." म्हणता म्हणता थांबले. पुन्हा मारला. आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा म्हणाले, "नाही. ओल आहे."

काकांनी मोठा श्वास सोडला. "आहेच," ते म्हणाले. "तिसऱ्यांदा फरशी धुतली तेव्हा एक पोतं खालून भिजलं. माझ्याच हातून. मेमो आधीच डोक्यावर होता, सांगायची छाती झाली नाही. बाजूला काढून ठेवलं होतं, आज त्यातलाच नमुना लावला." मग माझ्याकडे वळले. "माझं तोंड बघून पास करता का, ते बघायचं होतं, बाई. केला असतात तर मी साहेबांना सांगून जाणार होतो, ह्यांना ठेवू नका म्हणून."

साहेबांनी खिशातून खुर्चीच्या निकालाचा लिफाफा काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "नंतर वाचा."

मी आधी नोंदवही ओढली. डोळे भरून आले होते, अक्षर वेडंवाकडं आलं. लॉट सात, एक पोतं, परत. दोष: ओल. कारण: विनाकारण गोदाम धुतलं. धुवायला लावणारी: मी.

काकांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. मग माझ्या हातातलं पेन घेतलं, खाली स्वतःची सही केली आणि म्हणाले, "चला बाई, आठवा गार होतोय."